बाटलीतले आणि बोंबलातले

"मास्तर, मासळीत फॉर्मेलिन थोडे असले तर चालते ना? मर्यादेत आहे म्हणतात."

जुलै २०१८. गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात हातात रिकामी पिशवी घेऊन आमच्या शेजारच्या काकींनी मला हे विचारले, तेव्हा रसायनशास्त्र शिकवून मला निवृत्त व्हायला दोन वर्षे झाली होती. उत्तर एका वाक्यात यायला हवे होते. "फॉर्मेलिन अजिबात चालत नाही, पण मासळीत जे सापडले ते फॉर्मेलिनच असेल असे नाही," असे काहीतरी मी पुटपुटलो. काकींनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे बघितले, पिशवीची घडी केली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून डझनभर अंडी घेऊन घरी गेल्या. माझ्या वाक्यात शास्त्राच्या दृष्टीने चूक नव्हती. त्या दिवशीचे काकींचे हुमण, म्हणजे मासळीची आमटी, मात्र त्याने चुलीवर चढले नाही.

तेव्हा काय घडले ते थोडक्यात सांगतो, कारण लोकांच्या आठवणीत आता फक्त भीती उरली आहे. त्या जूनमध्ये केरळात 'ऑपरेशन सागर राणी' या मोहिमेत फॉर्मेलिन मारलेली हजारो किलो मासळी पकडली गेली होती. गोव्यात यांत्रिक होड्यांची पावसाळी बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांत आपण कर्नाटक, आंध्र, ओडिशा, तमिळनाडूच्या ट्रकांवर जगतो. १२ जुलैला अन्न व औषध प्रशासनाच्या पथकाने मडगावच्या घाऊक मासळी बाजारात बाहेरून आलेल्या मासळीची जागच्या जागी चाचणी केली आणि चाचणीने फॉर्मेलिन दाखवले. मग खुलासा आला: प्रयोगशाळेत तपासले, आढळलेले प्रमाण अनुज्ञेय मर्यादेत आहे, समुद्री मासळीत ते निसर्गतःच असते. लोकांनी पहिली बातमी आणि नंतरचा खुलासा शेजारी शेजारी ठेवून पाहिला आणि ठरवून टाकले की कोणीतरी काहीतरी दडपते आहे. १८ जुलैपासून महिनाअखेरपर्यंत मनोहर पर्रीकर सरकारने परराज्यांतली मासळी बंद केली.

दडपादडपी झाली की नाही, हा माझा विषय नव्हे. मला म्हणायचे आहे ते याच्या अलीकडचे. तो खुलासा शंभर टक्के प्रामाणिक असता, तरी त्या शब्दांत तो कोणाला पटला नसता आणि पटायलाही नको होता. कारण 'फॉर्मेलिनची अनुज्ञेय मर्यादा' या शब्दांना अर्थच नाही. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिले, आणि मग सरकार एकीविषयी बोलत राहिले, लोक दुसरीविषयी ऐकत राहिले.

पहिली गोष्ट फॉर्माल्डिहाइड. हा पदार्थ आहे. एक कार्बन, दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. अल्डिहाइडांच्या कुळातला सगळ्यात धाकटा रेणू. नेहमीच्या हवेत तो वायू असतो, उणे १९ अंशांपर्यंत गार केल्याशिवाय त्याचा द्रव होत नाही. दुसरी गोष्ट फॉर्मेलिन. फॉर्माल्डिहाइड वायू पाण्यात मुरवून, वजनाने साधारण ३७ टक्के भरेल असा जो द्राव करतात त्याचे हे नाव. नुसता द्राव फार दिवस टिकत नाही. रेणू एकमेकांना धरून साखळ्या करतात आणि बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसतो. तसे होऊ नये म्हणून त्यात १० ते १५ टक्क्यांपर्यंत मिथेनॉल नावाचे अल्कोहोल घालतात. आमच्या विद्यालयाच्या जीवशास्त्राच्या कपाटात अशी एक जुनी बाटली होती. तिच्यात द्राव कमी आणि साकाच जास्त होता, आणि बूच उघडले की मागच्या बाकापर्यंत सगळ्यांचे डोळे चुरचुरायचे.

म्हणजे फॉर्मेलिन हा माल आहे. तो कारखान्यात तयार होतो, बिलावर विकला जातो आणि माणसाच्या हाताने ओतला जातो. आगरात मीठ पिकते, आयोडीनयुक्त मिठाची सीलबंद पिशवी पिकत नाही. तसे माशाच्या अंगात फॉर्माल्डिहाइड होऊ शकते, फॉर्मेलिन होऊ शकत नाही. मासळीत फॉर्मेलिन आहे असे म्हटले की वाक्यात एक माणूस आपोआप येतो, बाटली हातात घेतलेला. फॉर्माल्डिहाइड आहे म्हटले की तो माणूस असेलही, नसेलही, शोधावा लागेल. पहिले वाक्य आरोप करते, दुसरे चौकशी सुरू करते. खुलासा करणाऱ्याने चौकशीचे वाक्य आरोपाच्या शब्दात म्हटले आणि वर 'मर्यादेत' असे जोडले. ऐकणाऱ्याच्या कानावर पडले ते असे: ओतले आहे, पण बेताने ओतले आहे.

बोंबलाचे उदाहरण घेऊ, कारण तिथे हा फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो. खाऱ्या पाण्याचा ताण सोसायला बहुतेक समुद्री मासे आपल्या मांसात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ बाळगतात. मासा मेला की जिवाणू त्याचे ट्रायमिथिलअमाइन करतात. शिळ्या नुस्त्याला जो वास येतो तो मुख्यतः याचा. पण काही जातींच्या मांसात एक विकर (एन्झाइम) असते, ते याच पदार्थाचे वेगळ्या जागी दोन तुकडे करते: एक डायमिथिलअमाइन, दुसरा फॉर्माल्डिहाइड. बोंबील या जातींपैकी एक. ही क्रिया बर्फात मंदावते, पूर्ण थांबत नाही. गोठवलेल्या मासळीतसुद्धा ती हळूहळू चालू राहते. म्हणजे ज्या बोंबलाला पाणी, बर्फ आणि कोळणीचा हात याखेरीज कशाचाही स्पर्श झालेला नाही, त्याच्यातही फॉर्माल्डिहाइड सापडणार, आणि जितके दिवस जास्त तितके जास्त सापडणार. उलट तळ्यातल्या रोहू-कटल्याच्या अंगात हा कच्चा मालच फार थोडा असतो. तेव्हा आंध्रातून आलेल्या रोहूत फॉर्माल्डिहाइड सापडले तर भुवया उंचावायला हव्यात, बोंबलात सापडले तर आधी विचारायला हवे की हा किती दिवसांचा. 'मासळीत सापडले' या बातमीत कोणती मासळी हेच नसेल, तर त्या बातमीवरून ना घाबरता येते, ना निश्चिंत होता येते.

झटपट चाचणीच्या पट्ट्यांचेही तेच. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने अशा पट्ट्यांचा संच तयार केला, ते चांगलेच काम आहे. पहाटे चार वाजता ट्रकच्या मागे उभे राहून दुसरे काय वापरणार? पण पट्टीचा रंग बदलला की संशय घ्यायला जागा आहे एवढेच कळते. किती, कोठून, कधी, ही उत्तरे प्रयोगशाळेतून यायची असतात, आणि त्याला वेळ लागतो. पट्टीचा निकाल आणि प्रयोगशाळेचा निकाल वेगळा आला तर त्यात भानगडच असते असे नाही. पण दोन्ही निकाल एकाच शब्दात सांगितले की भानगड वाटतेच.

आता या शब्दाने एवढी दहशत का बसवली ते बघा. गोव्यातल्या घराघरांत फॉर्मेलिन हा शब्द मासळीबरोबर आला नाही, मढ्याबरोबर आला. मुलगा आखातात, मुलगी लंडनला, बोटीवरचा धाकटा कुठल्या बंदरात अडकलेला. माणूस गेले की सगळे पोहोचेपर्यंत देह ठेवायचा असतो. परदेशातून येणारी शवपेटी, शवागार, वैद्यकीय महाविद्यालयातले शरीररचनेचे टेबल, या सगळ्यांशी तो शब्द बांधलेला. १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लूम या जर्मन वैद्याच्या लक्षात आले की या द्रावात काम करता करता आपल्याच बोटांची कातडी ताठ झाली आहे; त्यावरून ऊतक टिकवायला त्याचा वापर सुरू झाला. प्रथिनांच्या धाग्यांना धाग्यांशी टाके घालावेत तसे हा रेणू करतो, म्हणून मांस घट्ट होते आणि कुजत नाही. मढ्याला लावतात ते ताटात, एवढे चित्र डोळ्यांपुढे आले की मिलिग्रॅम कोण विचारतो? म्हणून 'मर्यादेत' हा शब्द लोकांना अपमानासारखा वाटला. मढ्याच्या औषधाला कसली मर्यादा? या बाबतीत लोकांचे बरोबर होते, कायद्यानेसुद्धा. आपल्या अन्न सुरक्षेच्या नियमांत फॉर्माल्डिहाइड अन्नात घालायची परवानगीच नाही. घातलेल्याची मर्यादा शून्य.

मग 'अनुज्ञेय मर्यादा' आली कुठून? अनुज्ञेय म्हणजे ज्याची अनुज्ञा, परवानगी आहे ते. निसर्गाने बोंबलात जे केले त्याला परवानगी देणारे आपण कोण, आणि व्यापाऱ्याने जे ओतले त्याला परवानगी आहेच कुठे! निसर्गतः असणाऱ्या प्रमाणाविषयी बोलायचे तर 'या जातीत एवढे आपसूक आढळते' असे साधे मराठी म्हणता येते. पुढे २०१९ मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा आणि मानक प्राधिकरणाने माशांचे गट पाडून अशा नैसर्गिक फॉर्माल्डिहाइडच्या तात्पुरत्या मर्यादा सुचवल्या, एका गटाला अगदी थोडी तर दुसऱ्याला तिच्या कितीतरी पट. २०१८ च्या जुलैत सांगितली गेलेली मर्यादा कोणत्या तक्त्यातली होती, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. आम्ही शिक्षकांनीही नाही.

लोकांच्या बाजूनेही शब्दांची गफलत होतीच. 'मासळीत एक कणही नको' अशी मागणी सभांतून झाली, चहाच्या टपरीवर तर रोजच होत होती. फॉर्मेलिनचा एक कण नको, हे बरोबर. फॉर्माल्डिहाइडचा एक कण नको म्हणायचे तर आधी स्वतःचे रक्त काढून टाकावे लागेल: आपल्या शरीराच्या रोजच्या व्यवहारातच तो तयार होतो आणि रक्तात लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅम असतो, यकृत त्याची पटापट विल्हेवाट लावते. नाशपतीत असतो, अळंब्यांत असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले, हे खरे. पण त्यामागचा पुरावा मुख्यतः श्वासातून जाणाऱ्या वायूचा, कारखान्यांत वर्षानुवर्षे तो हुंगणाऱ्या कामगारांचा आहे. शिवाय तो गट पुरावा किती पक्का हे सांगतो, धोका किती मोठा हे सांगत नाही. याचा अर्थ बोंबील दहा दिवस बर्फात ठेवून खावा असा कोणी काढू नये. निसर्गतः तयार झालेले म्हणजे निरुपद्रवी, हा तिसरा घोटाळा, आणि तो सरकारी खुलाशातून अलगद लोकांच्या डोक्यात उतरला. रेणूला आपला जन्म कुठे झाला हे माहीत नसते. पोटात गेल्यावर बाटलीतला आणि बोंबलातला सारखाच.

मग फरक कशासाठी करायचा, असे कोणी म्हणेल. म्हणतातच. माझे एक मित्र पत्रकार आहेत, ते म्हणाले, "सर, शब्दांचा काथ्याकूट तुम्ही करा. लोकांना मासळी सुरक्षित आहे की नाही एवढेच हवे." मला ते पटत नाही. बाटलीतले असेल तर दोषी माणूस आहे, त्याला पकडायचे, ट्रक अडवायचा, परवाना काढून घ्यायचा. बोंबलातले असेल तर दोष दिवसांचा आणि बर्फाचा आहे, तिथे पोलीस नाही, शीतसाखळी लागते. उपाय वेगळे, खाती वेगळी, खर्च वेगळा. शब्द एकच ठेवला की उपायही एकच निघतो आणि तो बहुधा सगळ्यांवर सरसकट पडतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात मासळीच्या गाड्यांना नोंदणी आणि उष्णतारोधक वाहनांच्या अटी लागल्या. अटी मुळात वाईट नव्हत्या. पण शेकडो मैलांवरून तीन-चार दिवसांनी येणारा ट्रक आणि मालवण-वेंगुर्ल्याहून काही तासांत गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला पोहोचणारा टेम्पो त्या एका शब्दाखाली एकाच रांगेत उभे राहिले. सिंधुदुर्गातले छोटे व्यापारी चिडले, सीमेवर वातावरण तापले, आणि रसायनाचा प्रश्न गोवा विरुद्ध महाराष्ट्र असा होऊन बसला. ज्यांची सोयरीक बांदा-सावंतवाडीत आहे अशा आम्हा पेडणे-डिचोलीकरांना ते फारच विचित्र वाटले.

आता दुसरा आक्षेप, जो मला जास्त खटकतो. सामान्य माणसाला फॉर्माल्डिहाइड आणि फॉर्मेलिन यांतला फरक कळणार नाही, म्हणून सोपे करून सांगावे लागते.

गोव्यातल्या सामान्य माणसाविषयी हे? काजूच्या मोसमात सत्तरी तालुक्यातल्या कुठल्याही भाटीवर, म्हणजे काजूची दारू गाळतात तिथे, जाऊन उभे राहा. बोंडू मळून काढलेला रस वेगळा, पिळून न काढता आपसूक गळालेला नीरो वेगळा. आंबवलेला रस एकदा भाटीवर चढवला की हुराक, त्यातून पुढे पुन्हा गाळली की फेणी. हुराकात अल्कोहोल साधारण १५ टक्के, फेणीत ४२ च्या वर, आणि हे टक्क्यांत कोणी बोलत नाही, 'ग्राव'मध्ये बोलतात. काचेचा ग्राव तरंगवून किंवा नुसता थेंबांचा फेस बघून म्हातारा सांगतो, ही अजून उतरायची आहे. फेणी मागितल्यावर हुराक दिली आणि 'एकाच बोंडूची आहे' म्हटले तर गिऱ्हाईक काय करील ते सांगायला नको. एकाच रसाची दोन रूपे, प्रमाणात फरक, म्हणून नाव वेगळे, किंमत वेगळी, पिण्याची रीतही वेगळी. फॉर्माल्डिहाइड आणि फॉर्मेलिन हा फरक याहून अवघड नाही. लोकांना कळणार नाही असे नाही. कोणी सांगितलेच नाही.

आणि गंमत अशी की तो परका शब्दही आपल्या भाटीच्या फार जवळचा आहे. 'फॉर्म' आला लॅटिन फॉर्मिकावरून, म्हणजे मुंगी. सतराव्या शतकात मुंग्या पाण्याबरोबर ऊर्ध्वपातनाला लावून जॉन रे या इंग्रज निसर्गअभ्यासकाने एक आम्ल मिळवले, त्याचे नाव पुढे फॉर्मिक आम्ल पडले. काजू गोळा करताना झाडावरून मानेवर पडणारे हुमले, त्या तांबड्या मुंग्या, आठवा. चावल्यावर जी आग होते ती या आम्लाची. 'अल्डिहाइड' हा शब्द जर्मन रसायनज्ञ लीबिगने १८३५ च्या सुमारास जोडून केला: हायड्रोजन काढून घेतलेले अल्कोहोल, या लॅटिन वर्णनाची पहिली अक्षरे. आणि अल्कोहोल आले अरबी अल-कुह्लवरून, डोळ्यांत घालायचा बारीक सुरमा. तेव्हा या शब्दाच्या एका टोकाला हुमला आहे आणि दुसऱ्या टोकाला सुरमा, मध्ये भाटी. वर्णनही चोख आहे. मिथेनॉलमधून हायड्रोजन काढला की फॉर्माल्डिहाइड, त्यात ऑक्सिजन घातला की फॉर्मिक आम्ल. विषारी दारूत मिथेनॉल असले की माणसाच्या शरीरात हाच प्रवास होतो आणि शेवटच्या आम्लाने डोळे जातात. एवढी गोष्ट सांगितली तर आठवीतल्या पोरालाही अल्डिहाइड म्हणजे काय ते जन्मभर विसरता येणार नाही.

मी तीस वर्षे अल्डिहाइड शिकवले आणि ही गोष्ट एकदाही मराठीत सांगितली नाही. इथे दोष माझा आहेच, पण व्यवस्थेचाही आहे. आपल्याकडे पुष्कळ मुलांचे चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी, पाचवीपासून विज्ञान इंग्रजीत. प्राथमिक शाळेचे माध्यम मातृभाषा की इंग्रजी, यावरून आपण रस्त्यावर उतरलो, मोर्चे काढले, सरकारे हलवली. पण पाचवीनंतर विज्ञान ज्या भाषेत जाते तिथून ते घराच्या भाषेत परत कसे आणायचे, याची चिंता दोन्ही बाजूंपैकी कोणी केलेली मला आठवत नाही. म्हणून बारावीला रसायनशास्त्रात नव्वद गुण घेतलेली मुलगी घरी आजीला बोंबलाविषयी चार वाक्ये सांगू शकत नाही. तिला सूत्र येते, चांदीच्या आरशाची परीक्षा येते, मिथेनॉल कधी म्हणायचे आणि मिथेनाल, म्हणजे फॉर्माल्डिहाइड, कधी तेही येते. (या दोन नावांतल्या एका काना-मात्रेच्या फरकाने मी स्वतः किती उत्तरपत्रिकांत गुण कापले असतील!) पण मढ्याचे औषध आणि माशातला रेणू हे एकच का आणि वेगळे का, हे तिने कोणत्याच भाषेत कधी मोठ्याने म्हटलेले नसते. मला पारिभाषिक कोशातले संस्कृत प्रतिशब्द नको आहेत. फॉर्माल्डिहाइड हे नाव खुशाल राहू द्या. मासळी बाजारात 'इन्सुलेटेड' गाडी चालते तर हेही चालेल. शब्द परका असला तर बिघडत नाही, वाक्य आपले हवे.

प्रतिशब्दाने काय होते त्याचा नमुना म्हणजे 'सेंद्रिय'. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगे. फॉर्माल्डिहाइड सेंद्रिय, फेणीतले अल्कोहोल सेंद्रिय, आणि युरिया तर सेंद्रियांचा मानाचा गणपती, कारण १८२८ मध्ये व्होलरने तो जिवंत शरीराच्या मदतीशिवाय तयार केला तेव्हापासून या शाखेचा इतिहास सांगायची रीत आहे. तोच युरिया गोव्यातल्याच झुआरीनगरच्या खत कारखान्यात १९७० च्या दशकापासून पोत्यांत भरला गेला, आणि ज्या भाजीला तो घातला ती भाजी सेंद्रिय नव्हे! पणजीतल्या दुकानात 'सेंद्रिय, केमिकलमुक्त' अशी पाटी बघितली की माझ्यातला मास्तर जागा होतो, पण मी गप्प राहतो. शेतीवाल्यांनी त्या शब्दाला वेगळा अर्थ दिला आणि तो प्रमाणपत्रांसह रूढ झाला. एका शब्दाचे दोन अर्थ लोक व्यवस्थित सांभाळतात. भीती मला उलट प्रकाराची वाटते, दोन अर्थांना एकच शब्द आणि तोही भीतीचा.

तर करायचे काय? नव्या कायद्याची गरज नाही. घाऊक बाजाराच्या दारात एक पाटी हवी, रोज सकाळी भरलेली. तिच्यावर मासळीचे नाव हवे, आणि नाव म्हणजे 'मासळी' नव्हे. बांगडा, इसवण, बोंबील, रोहू असे. कुठून निघाली आणि किती दिवस बर्फात आहे ते हवे. पट्टीचा निकाल एका रकान्यात आणि प्रयोगशाळेचा दुसऱ्यात. प्रयोगशाळेचा यायचा असेल तर 'यायचा आहे' असे लिहावे, गाळलेल्या जागेपेक्षा ते बरे. शेवटच्या रकान्यात दोनच शब्दांपैकी एक: 'आपसूक' किंवा 'घातलेले'. ठरवता येत नसेल तर 'ठरले नाही', आणि ती मासळी बाजूला. फॉर्मेलिन हा शब्द फक्त 'घातलेले' सिद्ध झाल्यावरच वापरावा, आणि तेव्हा त्यापुढे मर्यादा हा शब्द कधीच येऊ नये. असे केले तर व्यापाऱ्यांना त्रास होईल, ज्याने बर्फ कमी वापरला त्याला जास्त होईल. होऊ दे.

मागच्या महिन्यात म्हापशाच्या बाजारात एका कोळणीपाशी हे बोललो. तिने बांगड्यांवर पाणी मारत सगळे ऐकून घेतले. "मास्तर, हें रापणीचें, कालचें न्हय," ती म्हणाली, म्हणजे किनाऱ्यावर जाळे ओढून पकडलेले, आणि मग जरा थांबून, पाटी कुठल्या भाषेत लिहिणार ते विचारले. मी म्हटले मराठीत आणि कोंकणीत. ती हसली. तिची बहीण मडगावला बसते, आणि ती वाचते रोमी लिपीतली कोंकणी. खरेच आहे, घाऊक बाजार मडगावातच, सासष्टी तालुक्यात आहे. तिथे रोमी नसेल तर अर्ध्या बाजाराला ती पाटी मुकीच. तेव्हा तीन ओळी लिहाव्या लागतील, आणि खडू पावसात पुसला जाणार नाही असे छप्परही वर लागेल.